मिलानमधली चाळ

"मग बाई, मिलानहून काय काय खरेदी केलीत?" परत आल्यापासून हा प्रश्न मला निदान वीस जणांनी विचारला असेल. लोकांचंही बरोबर आहे म्हणा. फॅशनच्या राजधानीत दोन महिने राहून आलेली बाई रिकाम्या हाताने कशी येईल? तर एकदाच सगळ्यांना सांगून टाकते. केशराच्या चार चिमुकल्या पुड्या आणल्या. बास! (त्याही तिथल्या पिवळ्याधमक भाताच्या मोहाने. मिलानच्या रिझोत्तोत मुळात बैलाच्या हाडातली मज्जा घालतात हे लेकीने मला पहिला घास घेण्याआधी सांगितलं, हे नशीब. आमच्या घरी त्याऐवजी नुसतं लोणी.)

खरेदी सोडा. तिथे जे बघितलं ते मात्र डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

थोडी पार्श्वभूमी. जुन्या वाचकांना ठाऊक आहे, नवीन मंडळींसाठी सांगते. मी लालबागला चाळीत राहते. १९७४ साली लग्न होऊन ह्याच खोलीत आले. सासरे गिरणीत साचा खात्यात होते, आमचे हे पोस्टात. इथल्याच एका मराठी शाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. बापाचा पगार बंद झाला की आधी दूध बंद व्हायचं, मग खोलीतली भांडी कमी व्हायची, आणि मग एक दिवस मूल शाळेत यायचं नाही. मी हजेरीपटावर त्या नावापुढे तांबड्या शाईने 'गावी गेला' असं लिहायची. त्या वर्षी मी ते दोन शब्द किती वेळा लिहिले, मोजले नाहीत. पुढे गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते सगळ्या मुंबईला दिसतंच आहे.

आता आमच्या चाळीची पाळी. मालकाने बिल्डर आणलाय. बत्तीस बिऱ्हाडं. एकशेऐंशी चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात चारशेच्या वर चौरस फुटांचा ब्लॉक, स्वतःचा संडास-बाथरूम, लिफ्ट. गेल्या जुलैत मीटिंग झाली आणि मग बिल्डरचा माणूस एकेका खोलीत जाऊन संमतीपत्रावर सह्या घ्यायला लागला. माझ्याकडे आला तेव्हा मी म्हटलं, परदेशातून आल्यावर बघू. निघताना पर्समध्ये पासपोर्टच्या खाली त्या कागदाची झेरॉक्स होती.

लेकीचं मत सरळ होतं. "आई, यात विचार काय करायचाय? रात्री-बेरात्री, पावसात, गॅलरीच्या टोकाला संडासात जातेस. गुडघे बघ तुझे." मुद्दा बिनतोड आहे. चाळीचं कौतुक करणारे बहुतेक लोक चाळ सोडून तीस वर्षं झालेले असतात, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

तर अशा अवस्थेत मी सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मिलानला पोचले.

लेक कापडावरच्या छपाईची डिझाइनं करते. घर लाम्ब्राते नावाच्या भागात, शहराच्या पूर्वेच्या अंगाला. हे नाव ऐकून मी उडालेच. आमच्या ह्यांच्याकडे सेकंडहँड लॅम्ब्रेटा स्कूटर होती. ती मूळची इथली! लाम्ब्रो नावाची नदी, तिच्या काठचं लाम्ब्राते, आणि तिथल्या कारखान्यात १९४७ पासून तयार झालेली म्हणून लॅम्ब्रेटा. आपल्याकडे ती मुंबईतच जुळवली जायची. पहिल्याच रविवारी जावई मला त्या कारखान्याच्या जागी घेऊन गेले. बराचसा भाग पाडलेला, एका अवाढव्य शेडचा लोखंडी सांगाडा उभा, शेजारी बाग, बागेत मुलं फुटबॉल खेळतायत. आमचे हे दर रविवारी गॅलरीत पाट टाकून त्या स्कूटरचा कार्ब्युरेटर साफ करत बसायचे आणि पेट्रोलच्या वासाने शेजारच्या काकी ओरडायच्या. २०१९ मध्ये हे गेले. त्या सांगाड्यासमोर उभं राहून मी कोणाला सांगणार होते, की ह्या गेटातून निघालेल्या गाडीच्या भावंडावर बसून मी प्रसूतीला गेले होते? जावयांना सांगितलं. ते हसले आणि मग थोडा वेळ गप्प राहिले. चांगला मुलगा आहे.

मोठमोठी ठिकाणं मी पटापट उरकते, कारण ती सगळीकडे लिहिलेली सापडतील. दुओमो हे कॅथीड्रल १३८६ मध्ये बांधायला घेतलं, ते पुढे शतकानुशतकं चालूच. भिंतींवर, कळसांवर मिळून तीन हजारांच्या वर पुतळे. त्याच्या शेजारी काचेच्या छताचा तो प्रसिद्ध बाजार, गॅलेरिया. जमिनीवरच्या मोझेइकमध्ये एक बैल आहे, त्याच्या नको त्या जागी टाच ठेवून गिरकी घेतली की भाग्य उजळतं म्हणे. इतक्या टाचा फिरल्यात की तिथे खळगाच पडलाय. नातीने तीन गिरक्या घेतल्या. मला मात्र त्या छताकडे बघताना ते बांधणारा मेंगोनी आठवत राहिला. १८७७ च्या डिसेंबरात, काम पुरं होत आलेलं असताना, तो इथेच परातीवरून पडून गेला. आत्ताच लेकीने सांगितलेलं, आणि आत्ताच त्याच्या खाली लोक आइस्क्रीम खात होते.

तिथून चालत मोन्तेनापोलेओने रस्ता. एवढासा रस्ता, पण २०२४ साली दुकानांच्या भाड्यात न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूलाही मागे टाकून जगात पहिला ठरला होता. नावावरून मला वाटलं नेपोलियनचा डोंगर असेल. 'मोन्ते' म्हणजे डोंगर एवढं इटालियन मला आलं होतं. पण हा 'मोन्ते' म्हणजे सरकारी कर्जाची पेढी, नेपोलियनच्या काळात त्याचं नाव दिलेली. म्हणजे मुळातच पैशाचा रस्ता! दारावर काळ्या सुटातले दरवान, काचेत एकच पर्स, तिच्यावर देव्हाऱ्यात असतो तसा उजेड.

माझ्या पायात कोल्हापुरी होत्या. लेक गालातल्या गालात हसत होती, कारण जूनमध्ये ह्याच शहरात प्रादाच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या गेल्या होत्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. मग आपल्याकडून आरडाओरडा झाला, कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं, माणसं कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटून गेली. पुढे डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटक ह्या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाल्याचंही वाचलं. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा जी कदर झाली नाही ती भांडल्यावर झाली. चला, झाली हे महत्त्वाचं. मी त्या रस्त्यावरून मुद्दाम जरा पाय आपटत चालले.

ह्या भागात एक गंमत कळली. नीटनेटक्या, केस बसवलेल्या, मोत्यांची माळ घालून हळूहळू चालणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना मिलानच्या बोलीत 'शूरा' म्हणतात. मूळ शब्द 'सिन्योरा', पण आपल्याला ऐकू येतं ते शूरा! ऐंशीच्या बायका ताठ मानेने, उंच टाचांच्या बुटांत, ट्रामच्या पायऱ्या चढतात. ट्राम पण कशी, १९२८ च्या धाटणीची, आत लाकडी बाकं. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यांनी ठेवली, आपण काढली. असो.

मी पोचले त्याच आठवड्यात, ४ सप्टेंबरला, जॉर्जो अरमानी गेले. वय ९१. रेडिओ, वर्तमानपत्रं, दुकानांच्या काचा, सगळीकडे तेच. शनिवार-रविवारी त्यांचं पार्थिव त्यांच्याच नाट्यगृहात लोकांच्या दर्शनासाठी ठेवलं होतं. लेक म्हणाली, तिकडूनच चालत जाऊ, तुला तोर्तोना भागही दाखवते. हा भाग म्हणजे पूर्वीचे कारखाने आणि गोदामं. आता तिथे डिझाइनची दुकानं, म्युझियमं, स्टुडिओ. अरमानींनी स्वतःच्या कपड्यांचं संग्रहालय केलं २०१५ मध्ये, तेही धान्याच्या जुन्या कोठारात. रांग लांबच लांब होती. आम्ही रांगेत उभ्या राहिलो नाही, पलीकडच्या फुटपाथवरून बघत होतो. मला वाटलं होतं झगमगीत माणसं असतील. होती थोडी. पण पुष्कळ साधी माणसं होती, पिशव्या घेतलेली, मुलांना कडेवर घेतलेली. अरमानींची सुरुवात एका मोठ्या दुकानात काचेच्या खिडक्या सजवण्यापासून झाली होती. आणि मी सारखी त्या कोठाराच्या सरळसोट भिंतीकडे बघत होते. आमच्याकडे गिरणीची भिंत पाडतात आणि चिमणी तेवढी शोभेला ठेवतात. इथे भिंत ठेवली होती, आतलं सगळं बदललं होतं.

"आतले कामगार कुठे गेले?" मी विचारलं.

"आई, ते सगळं कधीच गेलं. चाळीस-पन्नास वर्षं झाली," लेक म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण जवळच राहते, कालव्यावर. तिचं घर बघ. तुला आवडेल, किंवा राग येईल."

त्यानंतरच्या आठवड्यात त्या मैत्रिणीकडे चहाला गेलो.

मिलानमध्ये एकेकाळी पुष्कळ कालवे होते, हे मला माहीत नव्हतं. त्यांना नाविल्यी म्हणतात. मोठा कालवा बाराव्या शतकात खणायला घेतलेला. दुओमोचा संगमरवर डोंगरातल्या खाणीतून सरोवर, नदी आणि ह्या कालव्यातून होडीने शहरात यायचा. १९३० च्या सुमारास शहराच्या आतले कालवे झाकून त्यांचे रस्ते केले, पण दक्षिणेकडचे दोन उरले. आता त्यांच्या काठाने संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, हजारो माणसं हातात नारिंगी पेयाचे ग्लास घेऊन उभी. तिथेच एक बोळ आहे, धोब्यांची गल्ली. कौलारू छपराखाली पाण्याच्या चरालगत उतरत्या दगडी फरश्यांची रांग. प्रवासी त्यांचे फोटो काढत होते. मी वाकून एका दगडावर हात फिरवला. मधोमध गुळगुळीत, कडेला खरबरीत. आमच्या चाळीच्या मागच्या नळाजवळचा दगड असाच झिजलाय, त्यात माझाही वाटा आहे.

मैत्रिणीच्या घराचा दरवाजा रस्त्यावर अगदी साधा. आत शिरलो आणि मी उभीच राहिले.

मध्ये फरशीचा चौक. चारी बाजूंनी मजले. प्रत्येक मजल्याला लांबच लांब गॅलरी, लोखंडी गजांचा कठडा, आणि गॅलरीवर ओळीने उघडणारी दारं. एका टोकाला जिना. दोऱ्यांवर कपडे वाळत. कुंड्या, एक सायकल, एक मांजर.

"अगं, ही चाळ आहे!" मी मराठीतच ओरडले.

नात म्हणाली, "आजी, ह्याला कासा दि रिंगिएरा म्हणतात. रिंगिएरा म्हणजे तो... हात ठेवायचा लोखंडाचा."

कठडा, बाळा. कठड्याची घरं.

मी त्या कठड्याचे किती फोटो काढले असतील! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नि विसाव्याच्या सुरुवातीला मिलानमध्ये कारखाने वाढले, खेड्यातून माणसं आली, त्यांच्यासाठी ही घरं बांधली. एकेक-दोनदोन खोल्या, आणि संडास सामाईक, गॅलरीच्या टोकाला. म्हणजे अगदी त्याच काळात, त्याच कारणाने, आमच्या परळ-लालबागला जे बांधलं तेच. कोणी कोणाचं बघून बांधलं असं नव्हे. कमी जागेत जास्त मजूर बसवायचे म्हटलं की मालकाला दोन्हीकडे तीच युक्ती सुचली असावी, हा आपला माझा तर्क.

आता ह्या घरांना भारी मागणी आहे. दोन खोल्यांमधली भिंत पाडून, आत सगळ्या सोयी करून, आर्किटेक्ट आणि फॅशनवाले राहतात. भाडं मी लेकीला विचारलं आणि मग माझ्या पेन्शनशी तुलना करायचं सोडून दिलं.

मैत्रिणीच्या शेजारच्या दाराशी एक बाई खुर्ची टाकून घेवडा निवडत बसल्या होत्या. वय ८६. मोत्याची माळ होतीच, वर एप्रन. आमची ओळख करून देताच त्यांनी आतून अजून एक खुर्ची आणायला सांगितली आणि घेवड्याची परात दोघींच्या मध्ये ठेवली. मी आपोआप निवडायला लागले. मनातल्या मनात मी त्यांना काकी म्हणायला लागले, तर इथेही काकीच म्हणते.

काकींचा जन्म ह्याच चौकातला. एका नामवंत फॅशन घराण्यासाठी त्यांनी तीस वर्षं घरी बसून कोटांची काजं केली, हाताने. त्यांनी मला अंगठ्याजवळचा घट्टा दाखवला. मी त्यांना खडूने झिजलेलं बोट दाखवलं. लेक दुभाष्याचं काम करत होती, पण मध्येच फोन आल्याने ती आत गेली आणि नातीकडे ते काम आलं. नातीचं मराठी दिव्य! "आजी, ती म्हणते की पूर्वी खूप थंडी यायची तिला संडासमध्ये."

त्यावर आमचं दोघींचं चांगलंच जमलं. सत्तरीच्या दशकात संडास घरात आले तेव्हा चौकात लोकांनी वाइनच्या बाटल्या उघडल्या होत्या, काकी म्हणाल्या. जुनं ते सोनं वगैरे त्यांना मान्य नव्हतं. मला त्या आवडल्या त्या इथे.

मी मोबाइलमधले आमच्या चाळीचे फोटो दाखवले. गणपतीतला, गॅलरीला लायटिंग केलेला एक. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि म्हणाल्या, "उग्वाले!" अगदी सारखं! मग वरच्या मजल्यावर बोट ठेवून विचारलं, "इथे कोण राहतं?" मी सांगितलं. "आणि इथे?" तेही सांगितलं. असं त्यांनी पाच-सहा दारांचं विचारलं. मग मी त्यांच्या चौकाकडे बोट करून तेच विचारलं.

काकींनी परातीतल्या शेंगेनेच दाखवायला सुरुवात केली. ते दार, आर्किटेक्ट, आठवडाभर परगावी. ते, मालक लंडनला. ती चार, प्रवाशांना दिवसाच्या भाड्याने. त्यांच्या चाकाच्या बॅगा रात्री दोन वाजता फरशीवर खडखडतात. जुनी घरं उरली तीन. गेल्या हिवाळ्यात काकी चार दिवस तापाने पडून होत्या. तिसऱ्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली. त्यांना वाटलं कोणीतरी चौकशी केली. चिठ्ठीत शेजारच्या पाहुण्याने वायफायचा पासवर्ड विचारला होता.

हे सांगून त्या हसल्या. मीही हसले. नातीला कळेना आम्ही का हसतोय.

"पण बाकीचे गेले कसे? सगळ्यांनी विकलं?" मी विचारलं. लेक परत आली होती, म्हणून हे उत्तर मला नीट कळलं. मालकाचा माणूस एकेका दाराशी यायचा. प्रत्येकाला वेगळा आकडा, आणि प्रत्येकाला सांगायचा की तुझ्या शेजाऱ्याने कालच सही केली. कोणी कोणाला आकडा सांगितला नाही. एकाच गॅलरीत आयुष्य काढलेली माणसं, एकमेकांच्या सुपात मीठ कमी आहे हे ज्यांना वासावरून कळायचं, ती ह्या एका बाबतीत तोंडं मिटून बसली. काकी का राहिल्या? त्यांच्या नवऱ्याला कमी ऐकू यायचं. दारावरचा माणूस बोलून बोलून दमायचा आणि परत जायचा.

मी पर्सला हात लावून बघितला. झेरॉक्स तिथेच होती.

परतीच्या वाटेवर लेक म्हणाली, "तुला आता वाटत असेल सही करू नये." तसं नव्हतं. काकींच्या घरातला संडास मी वापरून आले होते. छान होता, गरम पाण्याचा नळ होता. मला घरात संडास हवाय, आज हवाय. माझ्या डोक्यात काकींच्या नवऱ्याचे कान घोळत होते.

ऑक्टोबरमध्ये शाळा सुटल्यावर नात मला ईझोला भागात घेऊन गेली. आमच्या हिरव्या मेट्रोने गारिबाल्दी स्टेशनला उतरायचं. ईझोला म्हणजे बेट. पाणी नाही कुठेच, रेल्वेच्या रुळांनी शहरापासून तोडलेला भाग म्हणून बेट. हीसुद्धा कामगारांची, कारागिरांची वस्ती. तिथला जुना कारखाना, ज्यात सुतार, कलाकार काम करायचे, लोकांचा विरोध असतानाही २००७ मध्ये पाडला. आता त्या बाजूला काचेचे मनोरे आहेत आणि २०१४ मध्ये पुरे झालेले दोन जगप्रसिद्ध टॉवर, 'बॉस्को वेर्तिकाले', म्हणजे उभं जंगल. प्रत्येक बाल्कनीत झाडं. छोटी नव्हेत, चांगली वीस-पंचवीस फुटी! दोन्ही मिळून आठशेच्या आसपास. समोर एक बाग आहे, तिचं नाव 'झाडांचं ग्रंथालय'. ह्या नावाबद्दल मात्र पैकीच्या पैकी मार्क.

आम्ही त्या बागेत बसलो होतो. मान दुखेपर्यंत वर बघितलं. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? ती झाडं छाटायला माळी गच्चीवरून दोरानं खाली लोंबकळत येतात. बाल्कनी तुमची असली तरी झाड तुमचं नाही. त्याची निगा सगळ्या इमारतीची मिळून ठेवली जाते, आणि खर्च रहिवाशांनी मेंटेनन्समधून द्यायचा. हे मला लेकीने आधी सांगितलं होतं. नात म्हणाली, "आजी, तुझ्या नवीन घराला पण झाडं असतील?"

तिच्या प्रश्नावर मी पर्समधून झेरॉक्स काढली. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती अथपासून इतिपर्यंत, चष्मा लावून, पेपर तपासायला बसल्यासारखी वाचली. इंग्रजीत चौदा पानं. लिफ्ट होती, लॉबीचा संगमरवर होता, झाडंसुद्धा होती. मेंटेनन्स किती आणि कोणी भरायचा ह्यावर एक ओळ, 'लागू असेल त्याप्रमाणे'. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला, पिठाची गिरणी आणि शिंपी ह्यांचं काय, त्यावर काही नाही. बांधकामाच्या काळात भाडं मिळणार, पण काम लांबलं तर किती काळ, त्यावर काही नाही. आणि नकाशात दारं एकमेकांना पाठ करून, लिफ्टसमोरच्या चौकोनात चार. नातीची तांबडी पेन्सिल घेऊन मी समासात खुणा केल्या. नात म्हणाली, "नापास?" मी म्हटलं, "नाही गं, पुनर्तपासणी."

नोव्हेंबरात आल्याआल्या मी आमच्या सेक्रेटरीला बोलावलं. माझाच विद्यार्थी, १९८६ च्या बॅचचा. "बाई, सतरा जणांनी दिल्या सह्या," तो म्हणाला. प्रत्येकाला काय सांगितलंय ते विचार, म्हटलं. तो गेला, आणि तासाने चेहरा पाडून आला. एकाला दहा चौरस फूट जास्त, एकाला वरचा मजला, एकाला रोख. आणि प्रत्येकाला 'कोणाला सांगू नका'.

मग गॅलरीत मीटिंग घेतली. सतरंज्या टाकून. मी चौदाच्या चौदा पानं मराठीत सांगितली, रात्री अकरा वाजले. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांना मी एक शब्दही बोलले नाही. चाळीस वर्षं डबा भरलेल्या बाईने घरातल्या नळासाठी सही केली तर तिचं काय चुकलं? ठरलं एवढंच की यापुढे कोणी एकट्याने भेटायचं नाही, सगळ्यांना एकच आकडा, दहा वर्षं मेंटेनन्सला मर्यादा, खालची तिन्ही दुकानं परत खालीच, आणि कराराची प्रत मराठीतही. वकील बघितलाय. शेवटची मागणी माझी : दारं गॅलरीवर उघडली पाहिजेत. मी कठड्याचे फोटो फिरवले.

बिल्डरचा माणूस आर्किटेक्टला घेऊन आला. पोरगेलासा होता, नम्र होता. म्हणाला, "मॅडम, गॅलरी देता येईल. पण प्रत्येक घराचे बारा-चौदा चौरस फूट जातील."

आणि इथे आमच्यात फूट पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या राहिल्या. "बाईंचं काय, बाई एकट्या. माझ्या घरात सात माणसं. बारा फुटांत माझ्या सुनेची शिलाई मशीन बसते. मी नाही देणार गॅलरीला बारा फूट." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. बाकीच्या मागण्यांवर सगळे एक आहेत. गॅलरीवर येत्या रविवारी मतदान ठेवलंय. मोजदाद सेक्रेटरीने केली आहे, पंधरा इकडे, चौदा तिकडे, तिघांचं अजून ठरत नाही.

वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. काल संध्याकाळी मात्र त्यांचा नातू घावन्यांची ताटली घेऊन आला, वर फडकं झाकून. काही न बोलता ठेवून पळाला. ताटली रिकामी कशी परत पाठवायची, म्हणून ती अजून माझ्याकडेच आहे.